चालू डेटाबेसवरून रिपोर्ट हलवताना: वेअरहाऊस उभारणीच्या दोन महिन्यांच्या नोंदी

घाऊक पुरवठ्याचा व्यवसाय आहे. ऑर्डर, बिलं, मालाचा साठा, वसुली असं सगळं एकाच पोस्टग्रेस डेटाबेसमध्ये चालतं. रिपोर्टही त्याच्यावरूनच निघायचे. ते तिथून हलवून वेगळं डेटा वेअरहाऊस, म्हणजे फक्त रिपोर्टसाठी डेटाची वेगळी साठवण, उभं करायचं काम माझ्याकडे आलं. बिलिंगचं सॉफ्टवेअर सांभाळणारी एक सहकारी जमेल तसा वेळ देणार होती. हेच काम हाती घेणाऱ्याला आमच्या चुका आधीच दिसाव्यात म्हणून रोजच्या रोज लिहीत गेलो. एक खुलासा: आमच्याकडे मालाचं खरंखुरं गोदामही आहे, त्यामुळे ‘गोदाम’ म्हटलं की माल आणि ‘वेअरहाऊस’ म्हटलं की डेटा.

२ जून

महिनाअखेरचे रिपोर्ट सुरू होते आणि बिलिंगची स्क्रीन अडकत होती. एरवी क्षणात सेव्ह होणारं बिल वीस-वीस सेकंद घेत होतं. सगळ्यांचा पहिला अंदाज ‘लॉक लागलाय’, म्हणजे एका कामाने दुसऱ्याला अडवून धरलंय, असा होता. चालू क्वेरींची (डेटाबेसला विचारलेल्या प्रश्नांची) यादी उघडली तर लॉक कुठेच नव्हता. पोस्टग्रेसमध्ये वाचणारा लिहिणाऱ्याला अडवत नाही. यादीत एकच क्वेरी सत्तेचाळीस मिनिटांपासून चालू होती: तीन वर्षांची विक्री, विभागवार आणि मालाच्या प्रकारानुसार.

ही एक क्वेरी बिलांच्या ४१ लाख ओळी डिस्कवरून ओढत होती. तिच्यापुढे मेमरीतली बिलिंगची रोजच्या वापराची पानं (डेटाचे छोटे गठ्ठे) बाहेर ढकलली जात होती. बिलिंगला हवी असतात एका गिऱ्हाईकाची, एका ऑर्डरची पाच-सहा पानं, पण ती लगेच हवी असतात. रिपोर्टला सगळी पानं लागतात आणि तो थांबायला तयार असतो. एकाच मेमरीवर आणि एकाच डिस्कवर दोघांना बसवलं की घाईत असलेल्याचाच खोळंबा होतो.

आज फक्त क्वेरी बंद केली आणि रिपोर्ट रात्री चालवला.

४ जून

पहिला उपाय इंडेक्सचा, म्हणजे हवी ती ओळ चटकन सापडावी म्हणून ठेवलेल्या सूचीचा. रिपोर्टच्या क्वेरी समोर ठेवून बिलांच्या ओळींच्या टेबलवर पाच नवे इंडेक्स टाकले. दोन रिपोर्ट झटपट निघाले. तीन वर्षांचा मोठा रिपोर्ट मात्र ढिम्म हलला नाही. बहुतेक सगळं टेबल वाचायचंच असेल तर डेटाबेस इंडेक्सकडे वळतही नाही, सरळ पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचत जातो, आणि तेच बरोबर आहे.

संध्याकाळी सहकारीचा फोन आला. मोठ्या ऑर्डरची आयात रोजच्यापेक्षा दुप्पट वेळ घेत होती. साहजिक होतं. एक ओळ टेबलमध्ये गेली की पाचही इंडेक्समध्ये तिची नोंद करावी लागते. वाचणाऱ्याच्या सोयीची किंमत लिहिणाऱ्याने मोजायची, असा हा व्यवहार झाला. चार इंडेक्स काढून टाकले, एक ठेवला. बारा तास गेले.

१० जून

गेले तीन दिवस रिप्लिकाच्या मागे होतो. कल्पना सरळ होती: मूळ डेटाबेसची हुबेहूब प्रत दुसऱ्या मशीनवर ठेवायची आणि रिपोर्ट तिच्यावर चालवायचे. प्रत तासाभरात उभी राहिली. पहिलाच मोठा रिपोर्ट अर्ध्यात तुटला. कारण दिलं होतं, रिकव्हरीशी संघर्ष.

झालं असं. मूळ डेटाबेसवर जुन्या, निकामी ओळींची सफाई होते आणि ती सफाई रिप्लिकावरही पोचते. तिथल्या क्वेरीला नेमक्या त्याच ओळी लागत असतील तर रिप्लिका थोडी थांबते आणि मग क्वेरीचा बळी देते. या थांबण्याची मूळ मर्यादा ३० सेकंद आहे. मी ती एका तासावर नेली. आता रिपोर्ट पुरे होऊ लागले, पण तेवढा वेळ रिप्लिका मागे पडू लागली.

मग दुसरा पर्याय चालू केला: रिप्लिकाने मूळ डेटाबेसला कळवायचं की ‘या ओळी मी अजून वाचतेय, काढू नकोस’. ही माझी चूक होती. साठ्याच्या टेबलमध्ये प्रत्येक विक्रीला एक आकडा बदलतो आणि दर बदलाला जुनी ओळ निकामी होते. सफाई थांबल्यावर ते टेबल दोन दिवसांत ३०० एमबीवरून २ जीबीच्या पुढे गेलं. मशीन वेगळं केलं तरी रिपोर्टचा भार मागच्या दाराने परत बिलिंगवरच आला होता. सेटिंग बंद केलं आणि ते टेबल रात्री नव्याने बांधून घेतलं.

रिप्लिका बॅकअपची सोय म्हणून ठेवली आहे, ती वाया गेली नाही. रिपोर्टसाठी मात्र बाद. बावीस तास.

१२ जून

आजची नोंद महत्त्वाची आहे. हिशेब पाहणाऱ्या ताई दोन कागद घेऊन आल्या. एक मार्चमध्ये छापलेला विभागवार रिपोर्ट, दुसरा आजचा. दोन्ही गेल्या वर्षीच्या विक्रीचे, एकच क्वेरी, एकच कालावधी. एकूण बेरीज जुळत होती, पण विभागांचे आकडे वेगळे होते.

“गेलं वर्ष तर संपलंय ना? मग त्याचे आकडे आता कसे बदलतात?” त्यांनी विचारलं.

क्वेरीत चूक असणार असं धरून मी दोन तास शोधत बसलो. क्वेरी बरोबर होती. एप्रिलमध्ये काही गिऱ्हाइकं एका विक्री विभागातून दुसऱ्यात हलवली होती. गिऱ्हाइकाच्या टेबलमध्ये ‘विभाग’ हा एक कॉलम आहे आणि त्यातलं जुनं नाव पुसून नवं लिहिलं गेलं. बिलिंगच्या दृष्टीने हे अगदी योग्य झालं, कारण उद्याचं बिल कोणत्या विभागाच्या खात्यावर टाकायचं एवढंच तिला कळायला हवं. पण रिपोर्ट गेल्या वर्षीच्या बिलाला आजच्या गिऱ्हाइकाशी जोडतो. त्यामुळे त्या गिऱ्हाइकांना वर्षभर झालेली विक्री एका रात्रीत दुसऱ्या विभागाच्या नावावर गेली.

इथपर्यंत मी हे काम वेगाचं समजत होतो. ते तसं नाही. व्यवहाराची प्रणाली ‘आत्ता काय आहे’ हे सांभाळते आणि जुनं पुसणं हे तिचं कामच आहे. धंद्याचे प्रश्न ‘तेव्हा काय होतं’ असे असतात. कितीही मोठं मशीन आणलं असतं तरी ताईंच्या प्रश्नाचं उत्तर त्यात नव्हतं, कारण जुना विभाग कुठे लिहिलेलाच नव्हता. वेअरहाऊस विषयातले जाणकार बिल इनमन यांनी १९९०च्या दशकाच्या सुरुवातीला वेअरहाऊसची जी चार लक्षणं सांगितली (विषयाभोवती रचलेलं, ठिकठिकाणचा डेटा एकत्र आणलेलं, काळाचं भान असलेलं आणि एकदा लिहिलं की न पुसणारं), त्यातली शेवटची दोन मला आज खऱ्या अर्थाने कळली.

इंडेक्स आणि रिप्लिका यांत गेलेला आठवडा हा प्रश्न आधी विचारला असता तर वाचला असता. तुम्ही सुरुवात करत असाल तर आधी एक जुना छापील रिपोर्ट शोधा आणि तोच आज पुन्हा काढून पाहा.

१७ जून

टेबलं आखायला बसलो. राल्फ किंबॉल यांच्या वेअरहाऊस-रचनेच्या पद्धतीत कॉलम आखण्याआधी ठरवायचं असतं की मुख्य टेबलची एक ओळ म्हणजे नेमकं काय. हे पाच मिनिटांत होईल असं वाटलं होतं, दोन दिवस लागले. विक्री विभागाच्या लेखी ऑर्डर आली की विक्री झाली. गोदामाच्या लेखी माल बाहेर पडला की झाली. हिशेबाच्या लेखी बिल निघालं की झाली. तिघे तीन आकडे सांगत होते आणि तिघेही खरं बोलत होते.

ठरलं ते असं: एक ओळ म्हणजे बिलाची एक ओळ. ऑर्डर आणि पाठवणी यांची पुढे वेगळी टेबलं होतील. ‘विक्री’ हा शब्द कुठल्याही कॉलमच्या नावात एकटा वापरायचा नाही, ‘बिल-रक्कम’ असं स्पष्ट लिहायचं. हे ठरलेलं एका पानावर लिहून तिन्ही विभागांकडून वाचून घेतलं. पुढे वाद झाला तेव्हा हेच पान कामाला आलं.

२० जून

मधोमध बिलाच्या ओळींचं टेबल, भोवती गिऱ्हाईक, माल, विक्रेता आणि तारीख. तारखेचं वेगळं टेबल कशाला, असं सहकारीने विचारलं. आर्थिक वर्ष, तिमाही, सुट्टीचा दिवस हे सगळं प्रत्येक क्वेरीत पुन्हा मोजण्यापेक्षा एकदा लिहून ठेवलेलं बरं.

तिला खटकलं ते दुसरंच. मालाच्या टेबलमध्ये प्रकार, उपप्रकार, उत्पादक यांची नावं प्रत्येक ओळीत पुन्हा पुन्हा लिहिली होती. तिचं आजवरचं काम अशी पुनरुक्ती काढण्यात गेलं आहे आणि बिलिंगमध्ये ते योग्यच आहे. एकच गोष्ट दहा ठिकाणी लिहिली, त्यातल्या नऊ ठिकाणी बदलली आणि दहावी राहिली की डेटा बिघडला. पण वेअरहाऊसमध्ये माणूस लिहितच नाही. रात्री एकच प्रोग्रॅम लिहितो, बाकीचे सगळे फक्त वाचतात. मूळ डेटाबेसमध्ये ज्या रिपोर्टला अकरा टेबलं जोडावी लागत होती त्याला इथे तीन पुरली. ते पाहून तिला पटलं.

प्रत्येक गिऱ्हाइकाला वेअरहाऊसचा स्वतःचा क्रमांक दिला, बिलिंगचा वापरला नाही. विभाग बदलला की त्याच गिऱ्हाइकाची नवी ओळ, नवा क्रमांक, सोबत ‘लागू-पासून’ आणि ‘लागू-पर्यंत’ या तारखा. जुनी बिलं जुन्या क्रमांकाला चिकटलेली राहतात. गिऱ्हाईक सापडलंच नाही तर त्यासाठी ‘अज्ञात’ अशी एक ओळ आधीच घालून ठेवली, म्हणजे जोड न लागल्यामुळे बिल रिपोर्टमधून गळत नाही.

२४ जून

पहिला पूर्ण लोड, म्हणजे बिलिंगमधला सगळा डेटा वेअरहाऊसमध्ये भरणं: चार तास दहा मिनिटं. बेरीज केली तर एकूण सवलत खऱ्याच्या अडीचपटीहून जास्त. सवलत बिलाच्या शिरावर, म्हणजे पूर्ण बिलाच्या एका नोंदीवर असते, ओळीवर नसते. मी शिराचं टेबल ओळींच्या टेबलला जोडलं आणि सवलत ओळीगणिक पुन्हा आली. पाच ओळींच्या बिलाची सवलत पाचदा मोजली गेली.

२५ जून

सवलत ओळींवर वाटून टाकली, प्रत्येक ओळीच्या रकमेच्या प्रमाणात. तरी बेरीज थोडी कमी येत होती. तीन सारख्या ओळींवर १०० ची सवलत वाटली की प्रत्येकी ३३.३३ येते, बेरीज ९९.९९. उरलेला ०.०१ कुणाच्याच वाट्याला जात नाही. लाखो बिलांत ही गळती डोळ्यांत भरण्याइतकी होते. आता शेवटच्या ओळीला ‘एकूण वजा आधी वाटलेलं’ एवढी रक्कम देतो. रकमेसाठी तरंगत्या दशांशाचा प्रकार (फ्लोट, जो आकडा जवळपासचाच ठेवतो) चुकूनही वापरू नका, नेमक्या दशांशाचाच घ्या. दोन ठिकाणी मी आळसाने तरंगताच ठेवला होता, आजच बदलला.

बेरीज शेवटच्या दशांशापर्यंत जुळली. त्या जुळणीची क्वेरी फेकून न देता रोज पहाटे आपोआप चालेल अशी लावली: गेल्या साठ दिवसांतल्या प्रत्येक दिवसाची बिलांची संख्या आणि रक्कम, इकडची आणि तिकडची, शेजारी-शेजारी. या सगळ्या कामातली सर्वांत उपयोगी वीस ओळींची क्वेरी हीच ठरली. पुढच्या बऱ्याच चुका तिनेच पकडून दिल्या.

३० जून

रोज सगळं पुन्हा भरणं परवडणारं नाही. म्हणून रोज रात्री फक्त नवं आणि बदललेलं आणायचं. प्रत्येक ओळीवर ‘बदल-वेळ’ आहेच. कालच्या लोडमध्ये दिसलेली सर्वांत शेवटची वेळ लिहून ठेवायची आणि आज तिच्या पुढचं उचलायचं. सहा मिनिटांत लोड झाला.

३ जुलै

जुळणीत चौदा बिलं कमी. तीन वेगवेगळ्या रात्रींची, सगळी मध्यरात्रीच्या आसपासची. दिवसभर शोधल्यावर एक बिल हाती धरून त्याचा माग काढला तेव्हा कळलं.

त्या बिलाचं ट्रान्झॅक्शन (सगळं एकत्रच पुरं होणारं लिखाण) रात्री ११:५८:४० ला सुरू झालं. मोठं बिल, आयात केलेलं, १२:०२:१० ला कमिट, म्हणजे कायम, झालं. माझा लोड १२:००:०५ ला धावला. कमिट न झालेलं बिल त्याला दिसणं शक्यच नव्हतं. त्याला दिसलेली सर्वांत शेवटची वेळ होती ११:५९:५८, ती त्याने खूण म्हणून लिहून ठेवली. आता पोस्टग्रेसमधलं ‘आत्ताची वेळ’ देणारं फंक्शन ट्रान्झॅक्शन सुरू झाल्याची वेळ देतं, कमिटची नाही. म्हणजे बिल दिसू लागलं १२:०२ ला, पण त्याच्यावर शिक्का ११:५८ चा. दुसऱ्या रात्री मी ११:५९:५८ च्या पुढचं मागितलं. ते बिल खुणेच्या मागे राहिलं आणि पुढेही कधीच आलं नसतं.

उपाय: खुणेच्या दोन तास मागे जाऊन उचलायचं आणि भरताना ओळीचा क्रमांक आधीच असेल तर नवी न घालता तीच बदलायची. काही ओळी दोनदा येतात, बिघडत काहीच नाही. आमचं सर्वांत लांब ट्रान्झॅक्शन किती चालतं ते तपासलं, चाळीस मिनिटं. म्हणून दोन तास पुरेत. तुमच्याकडे हा आकडा वेगळा असेल, मोजल्याशिवाय माझा उचलू नका.

याच ओघात लोड मध्येच तुटला तर पुन्हा बिनधास्त चालवता येईल असाही केला. एका दिवसाचं सगळं एकाच ट्रान्झॅक्शनमध्ये: पूर्ण भरलं तर राहील, नाहीतर काहीच भरलेलं नसेल.

८ जुलै

आता उलटं. वेअरहाऊसमध्ये एकतीस ओळी जास्त, बिलिंगमध्ये त्या नाहीतच. बिल दुरुस्त करताना आमचं सॉफ्टवेअर नको असलेली ओळ टेबलमधून काढूनच टाकतं. पुसलेल्या ओळीला बदल-वेळ कुठून असणार? ती जाताना काहीच सांगून जात नाही.

डेटाबेसच्या बदलांच्या लॉगमधून वाचायचं ठरवलं. त्यात घातलेलं, बदललेलं आणि पुसलेलं, सगळं क्रमाने असतं. त्यासाठी मूळ डेटाबेसवर रिप्लिकेशन स्लॉट, म्हणजे वाचणारा लॉगमध्ये कुठवर पोचला याची खूण, उघडला.

१४ जुलै

दोन महिन्यांतला सर्वांत वाईट दिवस. शनिवारी दुपारी माझा लॉग वाचणारा प्रोग्रॅम बंद पडला. माझ्या लक्षात आलं नाही, कारण तो बंद पडल्याची सूचना देणारं काहीच मी लावलं नव्हतं. स्लॉटचं वचन असं की वाचणाऱ्याने ‘पोचलं’ म्हणेपर्यंत लॉग पुसायचा नाही. वाचणारा मेला होता आणि मूळ डेटाबेस त्याच्यासाठी इमाने लॉग साठवत राहिला. आज सकाळी डिस्क भरली आणि डेटाबेस थांबला. पन्नास मिनिटं एकही बिल निघालं नाही. गाड्या दारात उभ्या होत्या.

स्लॉट काढून टाकला, जागा मोकळी झाली, डेटाबेस उठला. स्लॉटसाठी किती लॉग राखायचा याला मर्यादा घालता येते. पोस्टग्रेसच्या १३व्या आवृत्तीपासून ते सेटिंग आहे, पण मुळात ते अमर्याद असतं. मी ते वाचलं होतं आणि ‘नंतर लावू’ म्हणून सोडलं होतं. ज्या बिलिंगला त्रास नको म्हणून हे सगळं काम सुरू केलं, तेच माझ्या हातून थांबलं. झालं ते सगळ्यांना जसंच्या तसं लिहून कळवलं.

लॉगचा मार्ग वाईट नाही. पण त्यावर चोवीस तास लक्ष ठेवणारं माणूस किंवा यंत्रणा आमच्याकडे नाही, आणि आम्हाला ताजेपणा हवा तो एका दिवसाचा. अडतीस तासांचं काम बाजूला ठेवलं.

१६ जुलै

पुसलेल्या ओळींसाठी साधा उपाय: रोज रात्री गेल्या साठ दिवसांतल्या ओळींचे फक्त क्रमांक दोन्हीकडून आणायचे आणि तिकडे नसलेल्यांवर इकडे ‘रद्द’ अशी खूण करायची. पुसायचं नाही. साठ दिवसांनंतर बिलिंग स्वतःच बिल दुरुस्त करू देत नाही, म्हणून तेवढी खिडकी पुरते. सव्वा मिनिटात होतं. आधीच सुचायला हवं होतं.

१८ जुलै

विभाग बदललेल्या गिऱ्हाइकांची एका ठरावीक दिवसाची विक्री दुप्पट. जुन्या ओळीचं ‘लागू-पर्यंत’ १ एप्रिल आणि नव्या ओळीचं ‘लागू-पासून’ही १ एप्रिल. जोडताना दोन्ही टोकं धरली होती, म्हणून १ एप्रिलची बिलं दोन्ही ओळींना लागली. आता सुरुवातीची तारीख आत, शेवटची बाहेर.

आणि ताईंचा प्रश्न? एप्रिलच्या आधीचे विभाग डेटाबेसमध्ये नव्हतेच. पण महिनाअखेरचे बॅकअप ठेवलेले होते, गेल्या पंधरा महिन्यांचे. एकेक बाजूच्या मशीनवर उघडून गिऱ्हाइकांचं टेबल काढलं आणि लागोपाठच्या दोन महिन्यांत कुणाचा विभाग बदलला ते शोधलं. नेमका दिवस कळत नाही, महिना कळतो. ज्या बदलांची तारीख अशी अंदाजाने लिहिली त्यांवर तशी खूण ठेवली आहे. दोन दिवस लागले आणि ते सार्थकी लागले. गेल्या वर्षाचा रिपोर्ट काढून ताईंच्या मार्चच्या कागदाशेजारी ठेवला. सगळे विभाग जुळले, एक सोडून. त्यातलं एक गिऱ्हाईक महिन्याच्या मधे हललं होतं. त्यांनी स्वतःच्या वहीतून तारीख काढून दिली.

२३ जुलै

दोन छोट्या चुका. साठ्याची रोजची शिल्लक भरली आणि कुणीतरी महिन्याची बेरीज केली. शंभर नग महिनाभर पडून असतील तर ते तीन हजार होत नाहीत. शिल्लक गोदामांवर आणि मालांवर बेरजेत घेता येते, दिवसांवर नाही. कॉलमचं नाव ‘दिवसअखेर-शिल्लक’ केलं आणि महिन्यासाठी शेवटच्या दिवसाचा आकडा देणारा तयार व्ह्यू (साठवून ठेवलेली क्वेरी) बनवला.

दुसरी: वेळा यूटीसीत (जागतिक प्रमाणवेळेत) साठवलेल्या होत्या आणि मी दिवस तोडताना त्याच धरल्या. रोजच्या काही बिलांची तारीख एका दिवसाने सरकली. व्यवसायाच्या स्थानिक वेळेत आणून मग तारीख काढायला लागलो.

२५ जुलै

वेअरहाऊसमधलं मुख्य टेबल कॉलमवार साठवणाऱ्या डेटाबेसमध्ये हलवलं. पोस्टग्रेस ओळी ओळींनी साठवतं. एका ओळीचे सगळे कॉलम ८ केबीच्या पानांत शेजारी बसलेले असतात. बिल उघडायला हे उत्तम, कारण त्या ओळीचं सगळंच हवं असतं. आमच्या मोठ्या रिपोर्टला चौतीसपैकी पाचच कॉलम लागतात, तरी पानं सगळी उचलावी लागत. कॉलमवार मांडणीत पाचच कॉलम वाचले जातात, आणि एकाच प्रकारची मूल्यं लागोपाठ आल्याने ती दाबून छोटीही होतात. सत्तेचाळीस मिनिटांचा रिपोर्ट नऊ सेकंदांत निघाला. त्यातला बराच वाटा नव्या रचनेचा आहे. हलवण्याआधी नव्या टेबलांवर तो पोस्टग्रेसमध्येच दोन मिनिटांवर आला होता.

इथे उलटही करून पाहिलं: एकेक बिल सुटं सुटं घालणं आणि बदलणं. फारच संथ. हा डेटाबेस बिलिंगला दिला असता तर दुकान बंद करावं लागलं असतं.

१ ऑगस्ट

महिनाअखेर. सगळे रिपोर्ट कामाच्या वेळेत चालले आणि बिलिंगला कळलंही नाही.

दुपारी मात्र एक घोळ झाला. विक्रीतल्या एका सहकाऱ्याने नव्या रिपोर्टमध्ये साठा पाहिला, बावीस नग दिसले, गिऱ्हाइकाला शब्द दिला. तो माल सकाळीच गेला होता. रिपोर्टमध्ये काल रात्रीचा आकडा होता. त्याचा दोष नाही. सगळे आकडे एकाच ठिकाणी छान दिसायला लागले की माणूस सगळं तिथेच शोधणार. प्रत्येक रिपोर्टच्या माथ्यावर ‘डेटा अमुक तारखेच्या मध्यरात्रीपर्यंतचा’ अशी ओळ मोठ्या अक्षरांत टाकली. साठ्याच्या रिपोर्टमधून आजची तारीख निवडताच येणार नाही असं केलं, तिथे बिलिंगच्या साठ्याच्या स्क्रीनचा दुवा दिला. गिऱ्हाइकाला शब्द द्यायचा तर बिलिंगमध्ये पाहायचं, धंदा कुठे चाललाय ते वेअरहाऊसमध्ये.

आजवरचा हिशेब: माझे साधारण २१० तास, सहकारीचे ६०. माझ्यातले ७२ वाया (इंडेक्स १२, रिप्लिका २२, लॉग ३८), आणि बिलिंग बंद राहिलेली ती पन्नास मिनिटं. एक जादा मशीन लागलं.

४ ऑगस्ट

परत आलेल्या मालाचं अजून ठरलेलं नाही. मूळ बिलाच्या तारखेला वजा करायचा की परत आला त्या तारखेला? हिशेबाला दुसरं हवं, विक्रीला पहिलं. दोन्ही तारखा ओळीवर ठेवून दोन वेगळे आकडे द्यावेत असं माझं मत आहे, पण त्यांची नावं काय ठेवायची यावर उद्या तिन्ही विभाग बसणार आहेत. जूनमध्ये लिहिलेलं ते पान घेऊन जातोय.